युगांडातली मुलगी स्पॉन्सर करावी का? (ख्रिस्ती संस्थेमार्फत)

ओहायोकर

मंडळी, घरगुती प्रश्न आहे, पण सध्या डोक्यातून जात नाहीये.

गेल्या शनिवारी आमची लेक (वय ९) शेजारच्या मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर त्यांच्या चर्चमधल्या गाण्याच्या कार्यक्रमाला गेली होती. येताना एक पाकीट घेऊन आली. आत युगांडातल्या सात वर्षांच्या एका मुलीचा फोटो आणि तिच्या घरची चार ओळींची माहिती. आई मजुरी करते, चार भावंडं, दोरीवरच्या उड्या आवडतात. संस्था कम्पॅशन इंटरनॅशनल. दरमहा ठरलेली रक्कम द्यायची. त्यातून त्या मुलीची शाळा, दवाखाना, खाणं बघितलं जातं आणि आपण तिला पत्रं लिहू शकतो. लेकीनं फोटो फ्रिजवर लावून टाकलाय. सकाळी दूध काढायला गेली की आधी तिच्याकडे बघते. "बाबा, आपण तिला हो म्हटलं का?" हे दिवसातून दोनदा होतं.

बायको म्हणते, देऊन टाकू. मी अडलोय. आम्ही ख्रिस्ती नाही, घरात दीड दिवसाचा गणपती असतो. आणि संस्थेच्या ब्रीदवाक्यातच आहे की मुलांना गरिबीतून सोडवायचं ते येशूच्या नावानं. हे पैसे त्या मुलीच्या शाळेला जाणार की तिच्या घराचा धर्म बदलायला? साताऱ्याला वडिलांशी बोललो तर ते म्हणाले, "गावच्या शाळेचं छप्पर गळतंय, ते आधी बघ." त्यांचंही चूक नाही.

कोणी असं मूल स्पॉन्सर केलंय का? किंवा दुसऱ्या बाजूनं हे जवळून बघितलंय का? खरं काय ते सांगा, कडू असलं तरी चालेल.

सोलकढी

द्या हो. फोटो फ्रिजवर लागलाय म्हणजे घरातला ठराव दोन विरुद्ध एक मतानं कधीच मंजूर झालाय.

गणिती

पैशाचा उपयोग होतो का, एवढ्यापुरतं बोलतो, कारण त्यावर चांगला अभ्यास झालाय आणि तो नेमका याच संस्थेवर आहे. ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवे आणि लेन रटलेज या तीन अर्थशास्त्रज्ञांनी सहा देशांत (युगांडा, केनिया, ग्वातेमाला, बोलिव्हिया, फिलिपिन्स आणि भारत) दहा हजारांहून जास्त लोकांची माहिती गोळा केली. लहानपणी स्पॉन्सर झालेली मुलं मोठेपणी कुठे पोचली, हे बघितलं. २०१३ मध्ये जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमीमध्ये ते छापून आलं.

तुलना कोणाशी केली, ते मला सगळ्यात आवडलं. कार्यक्रम गावात आला तेव्हा ठरावीक वयाच्या आतलीच मुलं घेत. म्हणजे त्याच घरातला थोरला भाऊ केवळ वयामुळे बाहेर राहिला आणि धाकटी आत आली. आईबाप तेच, घर तेच. अशा भावंडांची तुलना केली तेव्हा स्पॉन्सर झालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकलेली निघाली. माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण १२ ते १८ टक्के-बिंदूंनी जास्त (म्हणजे शंभरांत १२ ते १८ मुलं जास्त). नुसता टक्का बढाईसाठी फेकत नाही, कारण मुळातलं प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास होतं. मोठेपणी पगारी नोकरीत असण्याची शक्यताही वाढलेली.

एक लक्षात ठेवा. हे एका संस्थेच्या एका पद्धतीबद्दल आहे. फोटो पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेला ते लागू होत नाही.

कृष्णाकाठ

गणिती, अभ्यास मान्य. पण ओहायोकरांनी विचारलेला खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो टाळू नये.

हीच संस्था भारतात १९६८ पासून होती. २०१६ मध्ये केंद्रीय गृहखात्यानं तिला आधी परवानगी घेण्याच्या यादीत टाकलं, म्हणजे तिच्याकडून येणारी रक्कम खात्याच्या मंजुरीशिवाय इथल्या संस्थांना मिळेना. ज्या स्थानिक संस्थांना ती पैसे देते त्या धर्मांतर करतात, असा आरोप होता. संस्थेनं तो नाकारला. मार्च २०१७ मध्ये तिनं भारतातलं काम बंद केलं.

कायद्याचं बाजूला ठेवतो. मला अडतं ते असं. संस्था फक्त स्थानिक चर्चमार्फतच काम करते, हे ती लपवत नाही. मुलाचं कुटुंब ख्रिस्ती असावं अशी अट नाही, हेही खरं. पण सात वर्षांची भुकेली मुलगी, आणि जेवण, वही, औषध सगळं चर्चच्या अंगणात मिळतंय. तिथे बायबलचा तासही आहे. तिची 'इच्छा' ही इच्छा आहे असं मी म्हणू शकत नाही. मोठ्या माणसानं समजून-उमजून धर्म बदलला तर माझा काडीचाही आक्षेप नाही. मुलाच्या बाबतीत आहे.

सोलकढी

कृष्णाकाठ, २०१७ मध्ये त्या मुलांचं काय झालं? हे तुम्ही लिहिलंच नाही.

कृष्णाकाठ

१ लाख ४० हजारांहून जास्त मुलं होती. त्यांची केंद्रं बंद झाली. मला त्याचा आनंद झाला नव्हता, आजही नाही. परक्याच्या पैशावर इतकी मुलं अवलंबून राहिली हेच आपलं अपयश, असं मी म्हणेन. आपण त्यांच्यासाठी दुसरी सोय उभी केली नाही, हेही त्यातच आलं.

मुक्ताई

कृष्णाकाठ यांचा मुद्दा जुना आहे आणि तो आपल्याच मातीत झगडून झालेला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आज आपण 'परदेशातल्या गरीब मुलाला मदत' म्हणतो तेव्हा मदत देणारे आपण असतो. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी ती परदेशातली मुलं आपली होती.

पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. त्याआधी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. अमेरिकेत गावोगावी बोलत फिरल्या आणि बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिथल्या लोकांनी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं, त्यातून मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. अट अशी की विधवा मुलींना शिकवायचं, धर्म शिकवायचा नाही. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालेल्या बाया कर्वे.

मग काय झालं? रमाबाई स्वतः प्रार्थना करायच्या तेव्हा दार बंद करायच्या नाहीत. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी बोलावत नाही आणि हाकलणारही नाही. पुण्यातल्या पालकांचं म्हणणं, ज्या बाईवर मुलीचं सगळं आयुष्य टांगलंय तिच्या उघड्या दारात आणि बोलावण्यात फरक कसला? केसरीतून टीकेची झोड उठली, १८९३ मध्ये सल्लागार बाहेर पडले, बऱ्याच मुलींना घरच्यांनी काढून नेलं.

मी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. कृष्णाकाठ जे म्हणतात ते तेव्हाच्या पुण्यानं म्हटलं होतं, आणि त्यात तथ्य आहे. पण त्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन बेवारस मुली घेऊन आल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, तिथे एका वेळी दोन हजारांच्या आसपास माणसं जेवत होती. तिथे मात्र धर्म उघडपणे ख्रिस्तीच होता. त्या मुलींना रस्त्यावरून उचलायला दुसरं कोण गेलं होतं, हा प्रश्न मला आजही छळतो.

ओहायोकर

मुक्ताई, हे मला अजिबात माहीत नव्हतं. उघड्या दाराची गोष्ट बायकोला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही.

भटकंती_सोल

मी कोरियात असतो, त्यामुळे या संस्थेच्या जन्माबद्दल लिहितो. इथल्या लोकांना ती गोष्ट पाठ आहे.

१९५२, कोरियन युद्ध चालू. एव्हरेट स्वॉन्सन नावाचे अमेरिकन धर्मोपदेशक सैनिकांना प्रवचनं द्यायला आले होते. सोलमध्ये एका थंडीच्या सकाळी त्यांनी बघितलं, कामगार रस्त्याकडेची चिंध्यांची बोचकी उचलून ट्रकमध्ये टाकत होते. जवळ गेल्यावर कळलं, ती रात्रीच्या थंडीनं मेलेली पोरकी मुलं होती. परत जाऊन त्यांनी अनाथालयांसाठी पैसे जमवायला सुरुवात केली. एका मुलाची जबाबदारी एका कुटुंबानं घ्यायची, ही पद्धत त्यांनी दोन वर्षांत बसवली.

चाळीस वर्षं कोरिया घेणारा होता. १९९३ मध्ये संस्थेनं इथलं काम थांबवलं, कारण गरज उरली नव्हती. आणि २००३ मध्ये पुन्हा कार्यालय उघडलं ते देणारा देश म्हणून. आमच्या कचेरीत पन्नाशीच्या एक बाई आहेत, त्यांच्या टेबलावर इथिओपियातल्या एका मुलाचा फोटो आहे. त्यांनी इथिओपियाच का निवडला? युद्धात इथिओपियाचे सैनिक कोरियासाठी लढायला आले होते. त्या बाईंचे वडील त्यांच्याबद्दल सांगायचे. (आपल्याकडूनही लष्कराचं ६० वं पॅराशूट फील्ड अँब्युलन्स पथक आलं होतं. त्यांना सांगितलं तेव्हा त्या उभ्या राहून माझ्यापुढे वाकल्या. मला काय करावं सुचेना.)

रानपाखरू

धाग्याला थोडं दुसरीकडे नेते, पण हे सांगायलाच हवं. 'ख्रिस्ती संस्था मुलांना मदत करते' या एका वाक्याखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात.

मी कंबोडियात तीन वर्षं होते. सिएम रीपला पर्यटक देवळं बघतात आणि दुपारी अनाथाश्रम बघायला जातात. मुलं गाणी म्हणतात, पाहुणे रडतात, पैसे देतात. यात चर्चचे गट असायचे तसे साधे प्रवासीही. तिथल्या सरकारनं आणि युनिसेफनं पाहणी केली तेव्हा कळलं की या 'अनाथ' मुलांपैकी चारातल्या तिघांचे आई किंवा वडील जिवंत आहेत. आश्रमाला मुलं लागतात, कारण मुलं असली की देणगी येते. मग खेड्यातून मुलं आणली जातात. आईला सांगतात, शिक्षण मिळेल.

हैतीच्या भूकंपानंतर, जानेवारी २०१० मध्ये, अमेरिकेतल्या एका बॅप्टिस्ट गटाचे दहा जण ३३ मुलांना घेऊन सीमा ओलांडताना पकडले गेले. 'अनाथ मुलांना वाचवतोय' अशी त्यांची स्वतःची समजूत होती. बहुतेक मुलांचे आईबाप जिवंत होते.

म्हणून ओहायोकर, मी एकच गोष्ट आधी बघीन. मूल स्वतःच्या आईजवळ राहतंय का? पैसा आईचं घर टिकवायला जातोय की मुलाला आईपासून तोडायला? तुमच्या पाकिटातल्या मुलीची आई आहे, चार भावंडं आहेत आणि ती घरीच राहते. माझ्या लेखी हे सगळ्यात मोठं.

सोलकढी

रानपाखरू, +१. आमच्या इथे दर नोव्हेंबरात बुटांचे खोके भरतात, समॅरिटन्स पर्स या संस्थेचे. खेळणी, पेन्सिली, साबण भरून नाताळची भेट म्हणून परदेशी पाठवायचे. मीही दोन वर्षं भरले. मुलांना भरायला फार मजा येते. पण मग वाटलं, तेवढ्याच पैशात तिथल्या बाजारातून वह्या घेतल्या तर तिथल्या दुकानदाराचंही भलं होईल. आता नाही भरत.

वाटाड्या

सोलकढी, असहमत. माझ्या भाचीनं भरलेल्या खोक्याला उत्तर आलं होतं, एका मुलाचं चित्र. ते आजही तिच्याकडे आहे. सगळंच हिशेबात मोजू नये.

नगरी_मास्तर

मी या धाग्यावर लिहीन असं वाटलं नव्हतं. तीन दिवस वाचतोय. ओहायोकरांनी 'दुसऱ्या बाजूनं' विचारलंय, तर मी दुसऱ्या बाजूचा आहे.

माझं गाव पाथर्डी तालुक्यात. आईवडील ऊसतोडीला जायचे, दिवाळी झाली की गाडी लागायची ती उन्हाळा तोंडावर आला की परत. मला पाचवीपासून एका मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं. आमचं घर वारकरी, वडील माळकरी. बोर्डिंगात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना व्हायची, मीही म्हणायचो. सुट्टीत घरी आलो की हरिपाठ. मला दोन्हींत भांडण दिसलं नाही. मी आजही वारी करतो. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मित्रानं मोठेपणी बाप्तिस्मा घेतला. तो आमच्याकडे दिवाळीला येतो, मी त्याच्याकडे नाताळला जातो. कृष्णाकाठ, तुमचं म्हणणं मला पटतं, दबाव असतोच. कोणी मारून-मुटकून करत नाही, पण ज्याचं अन्न खातो त्याला बरं वाटावं असं मुलाला वाटतं. मात्र दुसरीकडे ऊसाचा फड होता. माझ्या बरोबरीची जी पोरं आईबापाबरोबर गेली ती आज कोयत्यावरच आहेत.

आता पत्रांबद्दल. माझा खर्च जर्मनीतल्या एक बाई द्यायच्या. वर्षातून दोनदा पत्र लिहायचं असायचं. रविवारी बोर्डिंगचे सर फळ्यावर इंग्रजीत पत्र लिहायचे: मी मजेत आहे, आपणही मजेत असाल, माझा अभ्यास चांगला चालू आहे, मी आपल्यासाठी प्रार्थना करतो. चाळीस पोरं ते उतरवून काढायची. चाळीस पत्रं सारखी. एकदा मी शेवटी माझ्या मनानं एक ओळ घातली, आमच्या शेळीला दोन करडं झाली. इंग्रजी धड नव्हतं, पण सरांनी खोडलं नाही.

चार महिन्यांनी उत्तर आलं. बाईंनी विचारलं होतं, करडांची नावं काय?

आमच्याकडे शेळीचं नाव कोण ठेवतं? मी घरी निरोप धाडला. वडील हसले असणार, पण नावं ठेवली, सोनी आणि मोनी. मी कळवली. पुढं दहावीपर्यंत त्या बाईंनी प्रत्येक पत्रात सोनी-मोनीची चौकशी केली. दुष्काळाच्या वर्षी मोनी विकली. ते मी कधीच लिहिलं नाही. पत्रात मोनी बरीच वर्षं जगली.

दहावीनंतर मी बोर्डिंग सोडलं, पत्रं थांबली. बाईंचा पत्ता आम्हाला देत नसत. मी डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झालो, आता निवृत्तीला आलोय. त्यांना हे कधी कळलं नाही.

एक कडू गोष्टही सांगतो, तुम्ही मागितलीत म्हणून. वर्षातून एकदा फोटो काढायचे. त्या दिवशी सर म्हणायचे, नवा सदरा घालू नका. माझ्याकडे एकच नवा सदरा होता, आईनं कारखान्याच्या बाजारातून आणलेला. मला तो घालून फोटो काढून घ्यायचा होता.

मुक्ताई

मास्तर, डोळे भरून आले. लिहिलंत ते फार बरं केलंत.

गणिती

मास्तर, धन्यवाद. तुमच्या पत्रावरून आठवलं. त्याच अभ्यासकांपैकी दोघांनी पुढे जकार्तातल्या मुलांना स्वतःचं चित्र काढायला सांगितलं होतं. स्पॉन्सर झालेली आणि न झालेली, दोन्ही. चित्रांतले रंग, चेहऱ्यावरचं हसू, अश्रू असं सगळं मोजलं, आणि स्पॉन्सर झालेल्या मुलांच्या चित्रांत आशा जास्त दिसली. मी आकड्यांचा माणूस आहे, पण 'करडांची नावं काय' या प्रश्नानं काय होतं ते त्या अभ्यासापेक्षा इथे जास्त कळलं.

भटकंती_सोल

जर्मनीतल्या किंडरनोटहिल्फे या संस्थेची सुरुवातही अशीच आहे. १९५९, ड्युइसबर्ग, आणि पहिली मुलं भारतातली. दुसऱ्या महायुद्धानं बेचिराख झालेल्या देशातली माणसं चौदा वर्षांत आपल्याकडच्या मुलांसाठी पैसे काढू लागली होती.

कृष्णाकाठ

मास्तर, तुमच्यापुढे माझा मुद्दा मी मागे घेत नाही, कारण तुम्हीच तो अर्धा मान्य केलात. पण 'दुसरीकडे ऊसाचा फड होता' या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही.

ओहायोकरांसाठी एक सावधगिरीची गोष्ट. शिकागो ट्रिब्यूनच्या बातमीदारांनी चार मोठ्या संस्थांमार्फत बारा मुलं स्पॉन्सर केली आणि मग त्या मुलांना शोधत गेले. १९९८ मध्ये ते छापून आलं. काहींना जवळपास काहीच मिळत नव्हतं. मालीमधली एक मुलगी तर कधीच वारली होती, आणि तिच्या नावानं पैसे घेणं चालूच होतं. त्या चारांत कम्पॅशन नव्हती. तरी पैसे थेट त्या मुलीवर खर्च होतात की गावाच्या सामाईक कामावर, हे विचारा. वर्ल्ड व्हिजनसारख्या संस्था मुलाचा फोटो देतात पण पैसा वस्तीच्या कामाला वापरतात, आणि तसं सांगतातही. सामाईक वापरात वाईट काही नाही. फक्त लेकीला सांगताना खरं सांगा.

कंपालाकर

उशिरा आलो. मी सहा वर्षं कंपालात आहे, औषधांच्या धंद्यात. प्रत्यक्ष बघितलेलं सांगतो.

युगांडात १९९७ पासून प्राथमिक शाळेची फी माफ आहे, कागदावर. प्रत्यक्षात गणवेश, वह्या, परीक्षेचे पैसे, दुपारच्या खाण्याचे पैसे, या ना त्या नावानं शाळा मागते. चार मुलांच्या आईला ते जमत नाही, मग थोरली मुलगी घरी बसते. आमच्या गोदामातल्या एका कामगाराची मुलगी अशाच केंद्रात जाते. शनिवारी सकाळी मुलं रांगेनं चर्चच्या आवारात जातात. गाणी, बायबल, अभ्यास, वजन-उंची, दुपारी पोशो (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आपल्या उकडीसारखा) आणि घेवड्याची उसळ. तो कामगार मुसलमान आहे. मी त्याला विचारलं, चालतं का? तो म्हणाला, शुक्रवारी ती माझ्याबरोबर येते, शनिवारी तिकडं जाते, आणि सोमवारी शाळेत जाते, ते महत्त्वाचं.

प्रत्येक घरात असं सुरळीत असेल असं मी म्हणत नाही. मी हे एकच घर जवळून बघितलंय.

पत्राला वेळ लागतो. केंद्रातून कार्यालयात, भाषांतर, मग समुद्रापार. लेकीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर रोज पोस्टाची पेटी उघडून हिरमुसेल. आणि भाषा शिकवा: लुगांडात 'धन्यवाद' म्हणजे 'वेबाले', 'कशी आहेस' म्हणजे 'ओली ओत्या'.

अवांतर: इथे रस्त्यावर कोणी "रोलेक्स घेणार का?" असं विचारलं तर घड्याळ समजू नका. ऑम्लेट चपातीत गुंडाळून देतात, त्याला रोलेक्स म्हणतात. आणि चपातीला ते चपातीच म्हणतात.

सोलकढी

मला रोलेक्स परवडणारं शहर सापडलं एकदाचं!

वाटाड्या

कंपालाकर, पाककृती वेगळ्या धाग्यावर येऊ द्या. कोबी घालतात का त्यात?

कंपालाकर

बारीक चिरलेला कोबी, टोमॅटो, कांदा. येतो धागा.

रानपाखरू

मूळ विषयाकडे. ओहायोकरांच्या वडिलांचं छप्पर राहूनच गेलं की.

गणिती

त्यावर व्यवहाराचं सांगतो, कारण लोक यात अडकतात. ओहायोकर, तुमच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर तुमच्या बचतीतून बँकेमार्फत गावच्या संस्थेला दिलेले पैसे कायद्यानं परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन नागरिक झाला असाल तर धरतात, आणि मग त्या संस्थेकडे एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच यावी लागते आणि घेणाऱ्या संस्थेला ती पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. गावच्या छोट्या संस्थेला हे झेपत नाही. सोपा रस्ता म्हणजे वडिलांनी स्वतःच्या पैशातून द्यावेत.

अमेरिकेतल्या संस्थेचे हिशेब बघायचे तर फॉर्म ९९० (संस्थेनं दरवर्षी करखात्याला द्यायचं विवरण) मागा, तो सगळ्यांना बघता येतो. चर्चना तो भरण्यापासून सूट आहे, त्यामुळे एखादी संस्था स्वतःला चर्च म्हणवत असेल तर हिशेब दिसणार नाहीत, एवढं ध्यानात असू द्या.

ओहायोकर

सगळ्यांचे आभार. आठवडाभर घरात हाच विषय होता, तर काय ठरलं ते सांगतो.

त्या मुलीला आम्ही हो म्हटलं. कृष्णाकाठ, तुमची शंका माझ्या मनातून गेलेली नाही. तिला काय शिकवलं जाणार ते मला माहीत आहे, आणि तो तिच्या आईचा निर्णय आहे असं मी धरून चाललोय. आईनं तो किती मोकळेपणानं घेतला असेल हे मला इथे बसून कळणार नाही. तरी ती मुलगी घरी आईजवळ राहून सोमवारी शाळेत जावी, याला मला नाही म्हणता आलं नाही. लेकीलाही सांगितलं की ही चर्चची संस्था आहे, आपण चर्चला जात नाही, आणि तरी हे काम आपण त्यांच्याबरोबर करतोय. तिनं विचारलं, "मग तिला गणपतीबद्दल लिहिलं तर चालेल?" मी म्हटलं, मोदकाबद्दल लिही, तिथून सुरुवात कर.

छपरासाठी वडिलांनी स्वतः पैसे दिले आणि गावातल्या आणखी चौघांकडून काढले. काल मला म्हणाले, "त्या पोरीचा फोटो मलाही पाठव."

काल रात्री लेकीनं पहिलं पत्र लिहिलं. तिच्या परवानगीनं इथे मराठीत देतोय:

"ओली ओत्या! मी चौथीत आहे. इथे आता बर्फ पडतो. आमच्याकडे पण चपातीला चपातीच म्हणतात. आई गोल करते, माझी होत नाही. तुला दोरीच्या उड्या एका वेळी किती येतात? मला एकतीस. तुमच्याकडे शेळी किंवा कोंबडी आहे का? असली तर तिचं नाव काय? तुझा फोटो आमच्या फ्रिजवर आहे. त्यात तुझा फ्रॉक खूप छान आहे. वेबाले."

नगरी_मास्तर

फ्रॉकचं तिनं आपल्या मनानं लिहिलं का?

ओहायोकर

हो मास्तर. शेळीचं मी सुचवलं, तुमचं वाचून. फ्रॉकचं तिचं.

नगरी_मास्तर

उत्तर आलं की इथे कळवा. शेळी असेल तर नावासकट.